समासातले उजवे हात

१

रोज सकाळी साडेआठला टॅमसिन ओडलिंग पुस्तकं बांधणाऱ्या स्क्रिमशॉ बाइंडरीचं दार खांद्याने ढकलून उघडायची. दार ओलीने फुगलं होतं आणि ते तासून घ्यायचं काम म्हातारा मालक गेली तीन वर्षं 'उद्या' करणार होता. मग शेगडी पेटवायची, सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं, पानं धुण्याचा चिनी मातीचा उथळ हौद पुसून घ्यायचा आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन कोरडे करायचे. हातमोजे नाहीत. जुन्या कागदाला हातमोजे घालून हात लावणारी माणसं फक्त टीव्हीवर असतात. बाइंडरला कागद बोटांच्या टोकांनी कळतो.

टॅमसिनला तेवढं एकच नीट कळत होतं. वय चोवीस. विद्यापीठ तिने दुसऱ्या वर्षी सोडलं, कारण तिथले प्राध्यापक स्वतःचीच पुस्तकं वाचायला लावत आणि पोरांना झोप आली की पोरांनाच आळशी म्हणत. "मग आता काय, हमाली करणार?" असं बापाने फोनवर विचारलं होतं. "हो, हातांनीच कमावणार," असं ती नुसत्या रागाने बोलून गेली आणि ते खरं निघालं. तीन वर्षांत तिचा उजवा हात असा तयार झाला की तिने सांधलेल्या पानाचा सांधा भिंगाखाली धरूनही सापडत नसे. तिच्याकडे पदवी नव्हती, घर नव्हतं, बापाशी बोलणं नव्हतं. हा हात होता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सेसिल स्क्रिमशॉने तिच्यापुढे टेबलावर एक पुडकं ठेवलं. डाव्या हातानेच ठेवलं. सत्तरीच्या या माणसाचा उजवा हात लुळा होता. तरुणपणी झटका आला होता, असं लाउथ गावात सांगत.

"जपून हं, पोरी. सोळाशे बारा सालचा शब्दकोश आहे. पहिली छपाई. जगात याची दुसरी प्रत कुणाला ठाऊक नाही. थॉर्नलीसाहेबांना दहा दिवसांत लंडनला लिलावाला पाठवायचाय."

"त्यांनी वाचलाय का कधी?"

"त्यांच्या घराण्यात दोनशे वर्षं आहे तो."

"म्हणजे नाही वाचला."

म्हातारा हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर हसायचा. "शिवण तुटलीय. पानं सुटी कर, फाटलीत ती सांध, परत शीव. आणि एकोणऐंशीवं पान धुवायचं. समास स्वच्छ हवा, असं साहेब म्हणालेत."

"स्वच्छ म्हणजे?"

"स्वच्छ म्हणजे स्वच्छ," म्हणत तो जिन्याकडे वळला.

२

पुस्तक तळहातावर मावेल एवढंच. कुणा खेड्यातल्या शाळामास्तराने केलेलं. डावीकडे कठीण शब्द, उजवीकडे दोन-तीन शब्दांत त्याचा सोपा अर्थ. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यासाठी, असं मास्तराने सुरुवातीलाच लिहिलं होतं. टॅमसिनला मास्तर आवडला. पावणेचारशे वर्षांपूर्वी मेलेले वडीलधारे तिला त्यातल्या त्यात सहन होत.

पानं सुटी करण्याआधी प्रत्येक डाग, भोक, खूण तक्त्यावर लिहून घ्यायची रीत. ती लिहीत गेली. समासात हात होते. यात नवल काही नव्हतं. त्या काळचे वाचणारे लक्षात ठेवायच्या शब्दाशेजारी एक छोटासा हात काढून ठेवत. बाही, मनगट, मिटलेली मूठ आणि शब्दाकडे रोखलेलं एक बोट. जुन्या पुस्तकांत असे हात हवे तेवढे सापडतात. या पुस्तकात चौदा होते.

तिने आकडा लिहिला आणि पेन्सिल थांबली. बोटं शब्दांकडे नव्हती. चौदाच्या चौदा बाहेर रोखलेली होती. मजकुराकडे पाठ, पानाच्या कडेकडे बोट. पान धरताना माणसाचा अंगठा जिथे येतो, बरोबर तिथे.

तिचा अंगठा त्या वेळी तिथेच होता. तिने तो काढला आणि स्वतःवरच वैतागली.

अकराला म्हाताऱ्याची बहीण हिल्डा चहा आणि मनुकांच्या पावाचे काप घेऊन खाली आली. भावाच्या पावाला लोणी लावणं, त्याच्या बुटांची नाडी बांधणं, हे सगळं तीच करायची. तिने ताटली ठेवली, पुस्तकाकडे पाहिलं आणि ॲप्रनच्या खिशातून भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे काढून टेबलावर टाकले.

"हे घालून काम कर."

"मिस हिल्डा, यांनी कागद फाटेल माझा. हे घालून मी तुमची कढई घासून देते हवं तर."

"कढई मी घासते. माझे दोन्ही हात चालतात," हिल्डा म्हणाली. "घाल म्हटलं तर घाल की गं. शिकलेल्या पोरी ऐकत नाहीत, तू तर शिकलेलीही नाहीस."

टॅमसिनने मोजे खिडकीत ठेवले.

३

धुवायच्या पानावरची प्रत्येक खूण आधी पारदर्शक कागदावर गिरवून घ्यायची, शेजारच्या दोन छापील ओळींसकट. धुऊन झाल्यावर तो कागद पानावर ठेवला की शाई कुठे पसरली, कुठे सरकली ते लगेच कळतं. ही रीत सेसिलनेच तिला शिकवली होती.

दुपारी एकोणऐंशीव्या पानावरचा हात गिरवताना तिला दुसरी गोष्ट दिसली. तो उजवा हात होता.

तिने बाकीची पानं पुन्हा काढली. सगळे उजवे.

माणूस उजव्या हाताने चित्र काढतो तेव्हा नमुना म्हणून डोळ्यांसमोर स्वतःचा डावा हात धरतो. दुसरा मोकळा असतोच कुठे? तिच्या शाळेच्या वह्यांत तिने काढलेले हात सगळे डावे होते. हा चितारणारा डावरा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग भिंग लावून बाहीवरच्या तिरक्या रेघा पाहिल्या. रेघा उजव्या हाताच्या होत्या, सरावाच्या, एकाच माणसाच्या, एकाच टाकाच्या. हात मात्र चौदा जणांचे. एकाची बोटं शेतकऱ्यासारखी जाड. एकाच्या बाहीला लेस. एक तर अगदी लहान, सात-आठ वर्षांच्या मुलाचा, नखाच्या कडा कुरतडलेल्या.

म्हणजे कुणीतरी पुढे बसून आपला हात पानाशेजारी ठेवायचा, आणि हा काढायचा. चौदा वेळा. एवढा वेळ हात न हलवता कोण बसतं?

एकोणऐंशीव्या पानावरच्या हाताच्या बाहीला दोन बारीक बटणं होती. त्या काळी बाह्या नाडीने बांधत, असं तिला वाटत होतं. पण आपल्याला काय कळतं, आपण तर मध्येच सोडून आलो. तिने बटणंही गिरवली आणि पानं खणात वजनाखाली ठेवली.

आवरताना खणातून आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र. बोरूचं टोक कागदावर ओढल्यासारखा.

उंदीर असेल. तिने खण उघडला. उंदीर नव्हता, लेंडीही नव्हती.

४

मंगळवारी समुद्राकडून धुकं आलं आणि दहा वाजले तरी दिवा लावावा लागला. टॅमसिनने गिरवलेला कागद सहज एकोणऐंशीव्या पानावर ठेवून पाहिला.

छापील ओळी अक्षरावर अक्षर बसल्या. बटणांवर बटणं बसली. बोट बसलं. पण काल मिटलेलं मधलं बोट आज अर्धं उघडलं होतं.

हवा दमट आहे, कागद फुगतो, ती स्वतःशी म्हणाली. पण कागद फुगला तर ओळीही सरकायला हव्यात. मग काल आपण चुकलो. हे तिला पटलं नाही, कारण गिरवण्यात ती चुकत नसे. पण दुसरं काही पटवून घेण्यापेक्षा हे बरं होतं. तिने नवा कागद घेऊन पुन्हा गिरवलं. अगदी सावकाश, श्वास रोखून.

दुपारी तीनला ठेवून पाहिलं. मधलं बोट पूर्ण उघडलेलं, तिसरं सुटू लागलेलं.

ती खुर्चीतून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला शिव्या देत होतं, ते ऐकून बरं वाटलं. चित्रातला हात आता काही दाखवत नव्हता. तो पुढे येत होता. हस्तांदोलनाला येतो तसा.

मग तिला आठवलं, खुणांचा तक्ता झाला, पण कागदाची तपासणी राहिलीय. रागाने माणूस काम बरं करतो, हा तिचा अनुभव होता. ती बसली आणि एकेक पान बोटांत धरून तपासू लागली. एकतिसावं पान बोटांत आलं आणि तिच्या बोटांनी तिला आधी सांगितलं: हे धुतलंय. बाकीची पानं लोण्यासारखी पिवळसर, मऊ. हे पांढरं, कडक, मेलेलं. ब्लीच. समास कोरा करकरीत. एका कोपऱ्याला जुनं ठिगळ होतं आणि त्याची कड विणल्यासारखी नागमोडी फाडलेली होती. तशी कड फाडणारा माणूस तिला एकच माहीत होता. त्यानेच ती तिला शिकवली होती.

५

बुधवारी सकाळी तिने म्हातारा खाली यायच्या आत थॉर्नलीसाहेबांना फोन लावला.

"धुवायचं?" साहेब फोनवर एवढ्याने ओरडले की तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "अहो, त्या हातांसाठी तर लंडनवाले जीव टाकतायत! कोण म्हणालं धुवायचं?"

सेसिल आला तेव्हा तिने एकतिसावं आणि एकोणऐंशीवं पान टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं होतं.

"हे तुमचं काम," ती पांढऱ्या पानाकडे हात करून म्हणाली. "आणि थॉर्नली काही म्हणालेले नाहीत. तुम्ही मला खोटं सांगितलंत."

म्हातारा स्टुलावर बसला. "सत्तेचाळीस साली. मी बावीसचा होतो. बाइंडरीच्या तेव्हाच्या मालकाला सगळं स्वच्छ हवं असायचं, तेव्हा तशीच पद्धत होती. इथे एका बाईचा हात होता. मला धू म्हणाले, मी धुतला."

"आणि?"

"शाई सुटली, म्हणून पान उचलायला पाण्यात हात घातला." त्याने लुळं मनगट चोळलं. "कुणीतरी धरला."

शेगडीत निखारा खाली बसला. टॅमसिनला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

"मग सुटलात कसे?"

"सुटलो, असं कोण म्हणालं?"

त्याने डाव्या हाताने उजवी बाही वर केली आणि लुळा हात एकोणऐंशीव्या पानाशेजारी ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. टॅमसिनने बघितलं. अंगठ्याच्या पेराचा तोच वाकडेपणा. तेच रुंद, चौकोनी नख. शर्टाच्या बाहीला दोन बटणं.

"महिनाभरात हा इथे आला," तो पानाकडे न बघता म्हणाला. "आधी हे पान कोरं होतं. पुस्तक साहेबांच्या घरी कपाटात गेलं आणि हा त्याच्याबरोबर गेला. अठ्ठेचाळीस वर्षं मला हा गार पाण्यात जाणवतोय, टॅमसिन. रात्रंदिवस. कुणीतरी धरलेला."

"म्हणून हे पान धुवायचं. म्हणजे तुमचा सुटेल."

"एवढंच वाटलं मला."

"आणि मी? माझा हात पाण्यात असताना?"

त्याने बाही खाली केली.

"तुम्ही स्वतः का नाही धुतलंत? डावा आहे की!"

"डावाही गेला तर?" तो म्हणाला. अगदी साधेपणाने, समजून घेशील ना अशा आवाजात. "माझ्याकडे हा एकच राहिलाय, पोरी. आणि तू तरुण आहेस. तुझं काहीतरी होईलच."

टॅमसिनला बाप आठवला, प्राध्यापक आठवले. आयुष्यभर तिला भेटलेला प्रत्येक मोठा माणूस हेच वाक्य बोलत आला होता. आपली भरपाई तिच्याकडून करून घ्यायची आणि वर तिला भविष्य आहे म्हणून सांगायचं.

"तीन वर्षं मला शिकवलंत ते यासाठी?"

"नाही गं. पुस्तक परत येईल हे कुठे ठाऊक होतं? आलं तेव्हा तू होतीस, एवढंच."

"मी चालले," ती म्हणाली आणि कोट आणायला वर माळ्यावर गेली.

६

कोट, पिशवी, तिची स्वतःची दोन हत्यारं. पाच मिनिटंही लागली नसतील. ती जिना उतरत होती तेव्हा ब्लीचचा वास नाकात शिरला.

एकोणऐंशीवं पान हौदात होतं. मधोमध, एकटं, पाण्याखाली बोटभर. म्हाताऱ्याने ते सोडलं होतं तेही अडाण्यासारखं, खाली आधाराचं कापड न घालता. आता ते चिमट्याने उचललं तर फाटणार. खाली सपाट तळहात सरकवून, तान्ह्या मुलाला उचलतात तसंच उचलायला हवं. आणि लगेच. चित्रातल्या हाताभोवती शाईचा तपकिरी धूर पसरायला लागला होता. दोन मिनिटांत बटणं जातील, पाचात सगळं. जगात या पानाची दुसरी प्रत नव्हती.

तिची पिशवी खाली पडली. उजवा हात आपोआप पुढे गेला, बाही वर सरकली. तिने काही ठरवलं नव्हतं. तीन वर्षांची सवय ठरवत होती.

पाण्यापासून वीतभर अंतरावर तिने मान वळवली. सेसिल तिच्या हाताकडे बघत होता. पानाकडे नाही. तोंड किंचित उघडं, जेवणाचं ताट पुढे येताना बघावं तसा.

तिने हात मागे घेतला. "तुम्ही काढा."

"टॅमसिन, ते जाईल. तुझ्यानेच बघवणार नाही."

"नाही बघवणार. तुम्ही काढा. उजव्याने काढा. त्याचं आणखी काय वाकडं होणारे?"

हे म्हाताऱ्याला अठ्ठेचाळीस वर्षांत सुचलं नसावं. त्याने लुळा हात डाव्याने उचलला, हौदाच्या काठावर आणला आणि पाण्यात सोडला.

हात हलला.

टॅमसिनने ते स्पष्ट पाहिलं. पाण्याखाली ती वाळकी बोटं एकेक करून उघडली, सपाट झाली आणि पानाखाली सरकली. इतक्या सुबकपणे तिलाही कधी जमलं नव्हतं. सेसिलच्या घशातून आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना. "अगं, चालतोय," तो म्हणाला. "हिल्डा! हिल्डा, चालतोय!"

पान वर आलं नाही. हात खाली गेला.

हौद जेमतेम वीतभर खोल होता. तीच तो रोज पुसायची, पांढरा तळ, मध्ये एक तडा. म्हाताऱ्याची बाही कोपरापर्यंत पाण्यात होती. मग कोपराच्या वरपर्यंत. तळ तिला दिसत होता, तडाही दिसत होता, आणि त्यांच्या आड कुठेतरी तो हात कुणाच्या तरी पुढे टेबलावर ठेवल्यासारखा निवांत पडलेला होता. त्याच्या शेजारी कागदावर काहीतरी बारीक हलत होतं. खर्र. थांबून पुन्हा खर्र.

ती पुढे झाली. त्याचा खांदा धरून मागे ओढावा म्हणून झाली, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

त्याने तिचं उजवं मनगट धरलं. डाव्या हाताने. पाण्यातलं जे काही होतं त्याने तिला हातही लावला नाही. तिला धरणारा हात गरम होता, कोरडा होता, सरसाचा वास येणारा, ओळखीचा.

"सोडा!"

"एकटा नको गं," सेसिल म्हणाला. गाल पाण्याला टेकला होता. "तू नुसती राहा. नुसती धरून राहा."

"सोडा म्हणते ना!"

तिने त्याचं एकेक बोट उलटं मोडून उघडलं. करंगळीचं हाड कट्कन वाजलं. पाचही सुटली तशी ती मागे पडली, उठली आणि फुगलेल्या दाराला खांदा देऊन बाहेर आली. पाठीमागे जिन्यावर हिल्डाची पावलं वाजली, मग कपबशा फुटल्याचा आवाज झाला. किंचाळी मात्र ऐकू आली नाही. हिल्डा म्हणाली ते फक्त एवढंच, थकल्या आवाजात: "आता डावाही का, सेसिल?"

७

लिंकनच्या बसमध्ये अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. टॅमसिन खिडकीशी बसली आणि उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बोट हलवून पाहू लागली. अंगठा. पहिलं. मधलं. तिसरं. करंगळी. सगळी हलत होती. तिने तिकिटाच्या कागदाची कड बोटांत धरून नागमोडी फाडली. नेहमीसारखी फाटली, अगदी बारीक. नोकरी कुठेही मिळेल. लंडनला बाइंडर कमी आहेत का?

पलीकडच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "लागलंय का गं हाताला?"

"नाही," टॅमसिन म्हणाली. "का?"

"सारखी मनगट चोळतेयस, म्हणून."

तिने हात थांबवला. मनगटावर वळ नव्हता, लाली नव्हती. बाही कोरडी होती. बाहेर धुक्यात शेतं मागे जात होती, आणि लाउथ आता चांगलं दहा मैल मागे राहिलं होतं.

तिने डोळे मिटले आणि मनगटाभोवतीची बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, आणि आतल्या बाजूला अंगठा. गरम, कोरडी, हाडकुळी. करंगळी जरा सैल, मोडल्यासारखी. बाकीची घट्ट.

बस वळणावर हळू झाली, तेव्हा त्यांनी तिला मागे ओढलं. जोरात नाही. ती अजून हातात आहे ना, एवढं बघण्यापुरतं.